यंदाच्या वीजबिलातली मागची वर्षे

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने 28 मार्च 2025 रोजी महावितरणच्या पुढच्या पाच वर्षांच्या दरांचा आदेश काढला. 1 एप्रिलपासून दर कमी होणार, असे त्यात ठरले होते. पण 2 एप्रिललाच महावितरणच्या विनंतीवरून आयोगाने स्वतःच्या आदेशाला स्थगिती दिली. पुढे पुनर्विलोकनाची याचिका आली, 25 जूनला सुधारित आदेश निघाला आणि 1 जुलैपासून वेगळे दर लागू झाले. या तीन महिन्यांत राज्यातल्या वीजकेंद्रांत, तारा-रोहित्रांत आणि कर्मचाऱ्यांत मोठा बदल झाला नव्हता, दीर्घ मुदतीचे वीजखरेदी करारही बहुतेक तेच होते. बदलला तो हिशेब: कोणता खर्च मान्य करायचा, विजेची विक्री किती धरायची, आणि कोणत्या वर्षाची रक्कम कोणत्या वर्षी वसूल करायची. वर्तमानपत्रांत मात्र चर्चा झाली ती दर किती टक्क्यांनी उतरले किंवा चढले याचीच. दरवर्षी हेच होते. माझे म्हणणे असे की वीजदराचा सर्वात महत्त्वाचा निर्णय त्या टक्क्यात दिसतच नाही. मागच्या वर्षांचे किती पैसे आज वसूल होत आहेत आणि आजचे किती पैसे पुढच्या वर्षांवर ढकलले जात आहेत, हा तो निर्णय आहे. ग्राहकाला तो कळत नाही, म्हणून त्याबद्दल आयोगाला कोणी जाबही विचारत नाही.

दर ठरतो कसा, हे आधी पाहू. वीज कायदा 2003 च्या कलम 62 प्रमाणे किरकोळ विक्रीचा दर ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाचा आहे. वितरण कंपनीने याचिका करायची, तिचा गोषवारा प्रसिद्ध करायचा, लोकांच्या सूचना-हरकती मागवायच्या आणि त्या विचारात घेऊन 120 दिवसांत आयोगाने आदेश द्यायचा, ही रीत कलम 64 मध्ये आहे. याचिकेत कंपनी आपली वार्षिक महसुली गरज मांडते: वीजखरेदी, पारेषणाचे शुल्क, देखभाल व कर्मचारी, घसारा, कर्जावरील व्याज, खेळत्या भांडवलाचे व्याज, बुडीत येण्यांची तरतूद आणि भागभांडवलावरील परतावा. आयोग यातली एकेक रक्कम तपासतो, काही कापतो, उरलेल्या बेरजेला अपेक्षित विक्रीने भागतो आणि येणारा सरासरी दर घरगुती, व्यापारी, औद्योगिक, कृषी अशा वर्गांत वाटून देतो. ऐकायला हे सोपे आहे. पण या बेरजेतला सर्वात मोठा हिस्सा वीजखरेदीचा असतो, आणि त्यातला बराच भाग आयोगाच्या हातात नसतो. पंचवीस वर्षांचे करार आधीच झालेले असतात. वीज घेतली नाही तरी त्यांतला क्षमता आकार द्यावाच लागतो. कोळशाचा भाव आणि रेल्वेचे भाडे केंद्राकडे ठरते. पारेषणाचा खर्च वेगळ्या आदेशातून येतो. देखभालीच्या खर्चाला महागाई निर्देशांकाशी जोडलेले सूत्र आहे. आयोगाच्या विवेकाला खरी जागा राहते ती तीन ठिकाणी: खर्च वाजवी होता का, विक्रीचा अंदाज खरा आहे का, आणि वसुली केव्हा करायची.

यातला तिसरा प्रश्न सर्वात कमी विचारला जातो. कोणताही दर आदेश उघडला तर त्यात एकाच वेळी तीन काळ नांदत असतात. ज्या वर्षांचे हिशेब लेखापरीक्षित झाले आहेत, त्यांचा ट्रू-अप, म्हणजे मंजूर खर्च आणि प्रत्यक्ष खर्च यांतल्या फरकाचा निवाडा. चालू वर्षाचा तात्पुरता हिशेब. आणि पुढच्या वर्षांचा अंदाज. तिन्ही मिळून एक तूट किंवा शिल्लक निघते आणि तीच नव्या दरात मिसळते. मार्च 2023 च्या मध्यावधी आढाव्यात महावितरणने सुमारे 67 हजार कोटी रुपयांची तूट मांडली, तेव्हा त्या एका आकड्यात 2019-20 च्या ट्रू-अपपासून 2024-25 च्या अंदाजापर्यंतची वर्षे होती. म्हणजे 2023 च्या उन्हाळ्यात पंखा लावणाऱ्याच्या बिलात टाळेबंदीच्या वर्षाचाही वाटा होता. न्यायालयीन निकालांमुळे हा काळ आणखी मागे जातो. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा वीजकेंद्राला देशी कोळसा कराराप्रमाणे मिळाला नाही. त्याची भरपाई ग्राहकांकडून घ्यायची की नाही, हा वाद आयोग, विजेचे अपिलीय न्यायाधिकरण आणि सर्वोच्च न्यायालय असा वर्षानुवर्षे चालला. निकाल वीजकेंद्राच्या बाजूने लागला, तेव्हा मूळ रकमेबरोबर मधल्या वर्षांचे व्याजही आले. त्या काळात स्वस्त वीज वापरून बंद पडलेल्या कारखान्याने त्यातला एक पैसाही भरला नाही, आणि कालपरवा मीटर बसलेल्या घराने आपला वाटा भरला.

आता त्या टक्क्याकडे येऊ. 2023 च्या आदेशात वाढ पहिल्या वर्षी 2.9 टक्के आणि दुसऱ्या वर्षी 5.6 टक्के अशी सांगितली गेली. ग्राहक प्रतिनिधींनी, त्यात वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे प्रमुख, खरी वाढ याहून खूप मोठी असल्याचे मांडले. इतका फरक येतो कुठून, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, मूळ दर युनिटला 7 रुपये आहे आणि त्यावर 1 रुपया इंधन समायोजन आकार, म्हणजे वीजखरेदी अंदाजापेक्षा महागली की लागणारा आकार, लागतो आहे. ग्राहक 8 रुपये भरतो. नव्या आदेशात मूळ दर 8 रुपये 40 पैसे झाला आणि समायोजन शून्यावर आले. ग्राहक आज भरतो त्याच्याशी तुलना केली तर वाढ पाच टक्के आहे. मागच्या आदेशातल्या मूळ दराशी केली तर वीस टक्के. गणित दोन्हीकडे बरोबर आहे, पण सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी दोन आहेत. पहिली आकडेवारी ग्राहकाच्या खिशाशी प्रामाणिक आहे. दुसरी सांगते की अधूनमधून लागणारा आकार आता कायमचा दर झाला आहे. पुढच्या महिन्यात कोळसा महागला की समायोजन पुन्हा सुरू होणार आणि ते 8 रुपये 40 पैशांवर बसणार. म्हणून एकच टक्का जाहीर करणारा आदेश, तो टक्का कोणताही असो, अर्धीच माहिती देतो. आयोगाने दोन्ही छापावेत, आणि तिसराही छापावा: या दरातले किती पैसे या वर्षाच्या विजेचे आहेत आणि किती मागच्या वर्षांचे.

इंधन समायोजनाचा अनुभव इथे उपयोगी आहे. मार्च 2020 च्या आदेशात आयोगाने एक निधी निर्माण केला. वीजखरेदी अंदाजापेक्षा स्वस्त पडेल त्या महिन्यांतली बचत लगेच परत न करता त्यात साठवायची आणि महाग महिन्यांत ती वापरायची. काही काळ ही व्यवस्था चांगली चालली आणि बिलावरचे समायोजन शून्य राहिले. पुढे निधी आटला, 2022 मध्ये आयात कोळसा आणि बाजारातली वीज दोन्ही महागली, आणि समायोजन एकदम बिलावर आले. लोकांना तो धक्का वाटला, कारण मधल्या काळात निधी किती उरला आहे हे कोणाला माहीत नव्हते. कल्पना योग्य होती. उणीव होती ती शिल्लक लोकांसमोर नसण्याची. किराणा दुकानाच्या वहीत उधारी चढते तेव्हा गिऱ्हाईक निदान वही मागून पाहू शकते. वीजग्राहकाची उधारी शेकडो पानांच्या आदेशातल्या तक्त्यांत असते.

पुढे ढकलणे इतके सवयीचे का झाले आहे? कारण त्यात त्या क्षणी कोणाचेच नुकसान दिसत नाही. सरकारला दरवाढ टळल्याचे समाधान मिळते. आयोगाला वाद टळतो. कंपनीच्या ताळेबंदात न वसूल झालेली रक्कम मत्ता म्हणून दिसते, म्हणजे भविष्यात ग्राहकांकडून येणारे येणे. तिला नियामक मत्ता म्हणतात. आणि ग्राहकाचे बिल तूर्त कमी राहते. हिशेब नंतर येतो. तामिळनाडूत डिसेंबर 2014 नंतर थेट सप्टेंबर 2022 मध्ये दर वाढले. मधल्या आठ वर्षांत तिथली वितरण कंपनी कर्जात बुडत गेली. दिल्लीत तीन खासगी वितरण कंपन्यांची साचलेली नियामक मत्ता सुमारे 27 हजार कोटी रुपयांवर पोहोचल्याचे सर्वोच्च न्यायालयासमोर आले. अपिलीय न्यायाधिकरणाने 11 नोव्हेंबर 2011 रोजीच सर्व आयोगांना बजावले होते की दर दरवर्षी ठरलेच पाहिजेत, आणि कंपनीने याचिका केली नाही तर आयोगाने स्वतःहून कारवाई करावी. तरीही पुढचे दशक असे गेले. 2024 च्या जानेवारीत केंद्राने नियम केला: नैसर्गिक आपत्तीसारखी परिस्थिती सोडता मंजूर गरज आणि अपेक्षित महसूल यांत तूट ठेवायची नाही, ठेवलीच तर तीन टक्क्यांपेक्षा जास्त नाही आणि ती तीन वर्षांत फेडायची, जुनी तूट सात वर्षांत संपवायची. सर्वोच्च न्यायालयाने 6 ऑगस्ट 2025 च्या निकालात हीच चौकट धरली आणि वसुलीचा आराखडा मागितला.

महाराष्ट्राची स्थिती दिल्लीसारखी नाही, हे सांगायला हवे. इथे आयोग 1999 पासून आहे, एन्रॉनच्या काळात त्याचे पहिले दर आदेश निघाले, आणि त्या दिवसांपासून पुण्याच्या प्रयाससारख्या संस्थांनी आकडेवारीवर आधारलेले आक्षेप घेण्याची परंपरा घातली. दर आदेश साधारणपणे वेळेवर निघतात. पण राजकीय निकड इथेही पोहोचते. 2013 मधल्या दरवाढीनंतर, निवडणुकीच्या वर्षात, जानेवारी 2014 मध्ये राज्य सरकारने 20 टक्क्यांपर्यंत सवलत जाहीर केली, आणि निवडणूक पार पडल्यावर ती गेली. एका अर्थी तो मार्ग अधिक स्वच्छ होता. कलम 65 प्रमाणे सरकारला सवलत द्यायची असेल तर तिची रक्कम कंपनीला आगाऊ द्यावी लागते. ती अर्थसंकल्पात दिसते, विधिमंडळात तिच्यावर बोलता येते. दर आदेशात पुढे ढकललेली रक्कम कोणत्याच अर्थसंकल्पात दिसत नाही.

याला पहिला आक्षेप असा की टप्प्याटप्प्याने वसुली करण्यात गैर काय? एका वर्षात युनिटमागे दीड रुपया वाढवला तर छोटा व्यावसायिक कोसळेल. तीन वर्षांत पन्नास-पन्नास पैसे केले तर तो सावरेल. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो मान्य करतो. धक्का विभागून देणे हे नियामकाचे कामच आहे. पण विभागणी आणि ढकलणे यांत फरक आहे, आणि तो तीन गोष्टींनी पडतो: रक्कम किती, व्याज किती, आणि शेवटचा हप्ता कोणत्या वर्षी. या तीन गोष्टी आदेशाच्या पहिल्या पानावर असतील तर ती विभागणी. नसतील तर पुढच्या याचिकेत तीच रक्कम व्याजासह नव्या नावाने येते. शिवाय वाट पाहण्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. मोठा उद्योग खुल्या प्रवेशातून बाहेरची वीज घेऊ शकतो. ज्याच्या मालकीचे छप्पर आहे आणि हाताशी भांडवल आहे, तो सौर पॅनेल बसवून जाळ्यातून घ्यायची वीज कमी करतो. दर जितका चढतो तितके हे ग्राहक वेगाने निघून जातात, आणि जुनी तूट उरलेल्यांच्या युनिटांवर विभागली जाते. उरतात ते भाड्याच्या खोलीतले, चाळीतले, झोपडपट्टीतले, गावातल्या दोन खोल्यांच्या घरातले लोक. ज्या गरिबाच्या नावाने वाढ पुढे ढकलली जाते, तोच शेवटी ती भरायला जागेवर सापडतो. जाणाऱ्यांवर अधिभार लावून यातला काही भाग वसूल होतो, पण तो लावला की वाद कोर्टात जातो आणि पुन्हा काही वर्षे जातात.

दुसरा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो. तूट साचतेच कशाला, वीजखरेदीचा फरक दर महिन्याला आपोआप बिलात घाला, म्हणजे ट्रू-अपचे ओझे उरणार नाही. केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये नियम बदलून हीच दिशा दिली. साचण्यावर हा उपाय चालतो, यात शंका नाही. पण आपोआप वसुलीची किंमत आहे. महाग वीज घेतली तरी तिचा खर्च पुढच्या महिन्यात ग्राहकाकडून येणारच असेल, तर संध्याकाळच्या मागणीसाठी आधीच स्वस्त करार करून ठेवण्याची, आपल्या केंद्रांकडून वेळेवर उत्पादन काढून घेण्याची कंपनीची निकड कमी होते. महाराष्ट्राच्या 2019 च्या विनियमांनी नियंत्रणातल्या खर्चासाठी निदान वाटणी ठेवली: बचत झाली तर दोन-तृतीयांश ग्राहकाला, तोटा झाला तर एक-तृतीयांशच ग्राहकावर. वीजखरेदी मात्र बहुतेक नियंत्रणाबाहेरची मानली जाते. सर्वात मोठा खर्च सर्वात कमी शिस्तीखाली राहतो, हे मला या सगळ्या रचनेचे सर्वात कच्चे अंग वाटते. मासिक समायोजन ठेवावे, पण त्याची छाननी तिमाहीनंतर कागदोपत्री न होता दरवर्षी उघड सुनावणीत व्हावी, आणि टाळता येण्याजोग्या खरेदीचा भार कंपनीच्या परताव्यातून कापला जावा.

अंदाज चुकण्याचे आणखी एक कारण महाराष्ट्रात जुने आहे. कृषिपंपांतले पुष्कळ मीटरविना, अश्वशक्तीवर बिल येणारे आहेत. त्यांचा वापर मोजला जात नाही, अंदाजाने धरला जातो. तो जास्त धरला तर वीजगळती कमी दिसते. कमी धरला तर गळती वाढते आणि तिचा भार कंपनीवर येतो. आयोगाने वेळोवेळी कंपनीचा आकडा अमान्य करून कृषिवापर खाली आणला आणि गळती वर नेली. अशी प्रत्येक दुरुस्ती मागच्या वर्षांचा हिशेब हलवते. याच संदर्भात एक समज दूर केला पाहिजे. शेतकऱ्यांची थकबाकी प्रामाणिक ग्राहकाच्या दरात मिसळली जाते, असे सर्रास म्हटले जाते. दर ठरवताना आयोग महसूल धरतो तो आकारलेल्या बिलांवर, प्रत्यक्ष जमा झालेल्या पैशांवर नाही. थकबाकी दरात येते ती बुडीत येण्यांच्या मर्यादित तरतुदीतून. तिचा खरा ताण कंपनीच्या कर्जांवर पडतो. एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत विजेची योजना आहे, तिचा वार्षिक भार 14,760 कोटी रुपये सांगितला गेला. सरकार आता ही रक्कम न मोजलेल्या युनिटांच्या आधारे भरते. त्यामुळे तो अंदाज आता तिजोरीचाही प्रश्न झाला आहे.

जून 2025 च्या सुधारित आदेशानंतर मुख्यमंत्र्यांनी पहिल्या वर्षी 10 टक्के आणि पाच वर्षांत 26 टक्के घट होईल, असे सांगितले. यामागचा तर्क पोकळ नाही. शेतीच्या वाहिन्या सौर प्रकल्पांवर नेण्याच्या योजनेत युनिटला तीन रुपयांच्या आसपास वीज मिळते, औष्णिक वीज त्याहून बरीच महाग आहे, आणि दिवसाची वीज स्वस्त झाल्यामुळेच घरगुती ग्राहकाला दिवसाच्या वापरावर सवलत देणे शक्य झाले. पण उतरत्या दराचा मार्ग आखताना प्रकल्प वेळेवर होतील असे धरलेले असते. जमीन मिळाली नाही, उपकेंद्राचे काम रखडले, तर स्वस्त वीज येणार नाही, दर मात्र उतरलेला असेल. तो फरक पुढच्या ट्रू-अपमध्ये येईल. जे वाढत्या दराबाबत घडत होते तेच घटत्या दराबाबत घडू शकते, आणि घट लोकप्रिय असल्यामुळे तिच्यावर प्रश्न विचारणारे कमी असतील. सौर प्रकल्पाला उशीर झाल्यास त्या वर्षीचा फरक कंपनी, सरकार आणि ग्राहक यांत कसा वाटायचा, हे आजच आदेशात लिहिलेले असले पाहिजे.

शेवटचा आक्षेप जनसुनावणीबद्दलचा. हे सारे इतके तांत्रिक आहे की सामान्य माणसाला विचारून उपयोग काय, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. महावितरणच्या याचिकेवर नवी मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर अशा ठिकाणी सुनावणी होते. यंत्रमागधारक, शीतगृहवाले, शेतकरी, गृहसंस्था तिथे येतात. त्यांच्या बोलण्यात तक्रार जास्त आणि तक्ते कमी असतात, हे खरे आहे. पण चुकीच्या वर्गात टाकलेला ग्राहक, वारंवार जाणारी वीज, न बसलेले मीटर हे आयोगाला त्यांच्याकडूनच कळते, आणि खर्च वाजवी होता का हा प्रश्न त्यावाचून सुटत नाही. 2025 मध्ये मूळ याचिकेवर अशी सुनावणी झाली. पुनर्विलोकनात दर पुन्हा बदलताना ग्राहकांना तशी संधी मिळाली नाही, असा आक्षेप ग्राहक संघटना आणि उद्योगांनी घेतला. तो मला रास्त वाटतो. ज्या दुरुस्तीने दर बदलतो, ती लिपिकीय चूक सुधारण्याच्या जातीची नसते. तिला मूळ आदेशाइतकीच सुनावणी हवी.

तांत्रिकतेवर उपाय सुनावणी कमी करण्यात नाही, हिशेब वाचता येईल असा देण्यात आहे. आज घरगुती बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क अशा ओळी असतात. त्यात एका ओळीची भर घालता येईल: या बिलातली मागील वर्षांची वसुली किती, आणि ती कोणत्या वर्षी संपणार. यासाठी कायदा बदलायला नको. ट्रू-अपच्या रकमा, त्यांवरचे व्याज आणि अपेक्षित विक्री हे तिन्ही आकडे प्रत्येक आदेशात आधीपासून असतात. त्यांचा भागाकार करून महावितरणला आणि मुंबईतल्या वितरण कंपन्यांना बिलाचा नमुना बदलण्याचे निर्देश आयोग देऊ शकतो. पहिल्या वर्षी हा आकडा युनिटमागे काही पैसे असेल किंवा रुपयाच्या घरात असेल. पुढच्या सुनावणीला नाशिकचा यंत्रमागधारक ते बिल हातात घेऊन उभा राहील आणि विचारेल की मागच्या वर्षी संपायची ठरलेली रक्कम अजून का चालू आहे. त्या प्रश्नाला कंपनीला शपथपत्रावर उत्तर द्यावे लागेल.